विंडोजवर १२ टक्के, लिनक्सवर १०० टक्के: एकाच प्रोग्रामचा सीपीयू वापर वेगवेगळा का दिसतो?

तक्रार बहुतेक वेळा या रूपात येते: "प्रोग्राम अडकलाय, स्क्रीन गोठलीय, पण टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू जेमतेम १२ टक्के. मशीन मोकळं आहे तर काम पुढे का सरकत नाही?" दुसरी तक्रार अगदी उलटी असते: "लिनक्स सर्व्हरवर टॉप लावला तर जावा ३४० टक्के खातंय. शंभराच्या वर टक्के जातातच कसे?" टास्क मॅनेजर आणि टॉप ही दोन्ही चालू प्रोग्राम, म्हणजे प्रोसेस, आणि त्यांचा सीपीयू वापर दाखवणारी साधनं आहेत.

बऱ्याच कंपन्यांत लॅपटॉप विंडोजचे, सर्व्हर लिनक्सचा आणि डिझाइनचं काम करणाऱ्यांकडे मॅक अशी सरमिसळ असते. एकच सॉफ्टवेअर तिन्हीकडे चालतं, तिघं तीन आकडे सांगतात, आणि कोणाचं मशीन बिघडलंय यावर वाद सुरू होतो. त्या वादातून रॅम वाढवली जाते, मोठा सर्व्हर घेतला जातो, चालू असलेली प्रोसेस बंद केली जाते, आणि अडचण तिथेच राहते. तिन्ही आकडे बरोबर असू शकतात, कारण प्रत्येक सिस्टिमने भागाकार वेगळ्या संख्येने केलेला असतो.

म्हणून कुठलाही उपाय करण्याआधी त्या टक्क्याबद्दल तीन प्रश्न विचारा. टक्के कशाचे, एका कोअरचे (प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या एका भागाचे) की सगळ्या मशीनचे? किती वेळातले? आणि त्या वेळात प्रोसेसर किती वेगाने धावत होता? या तिन्हींची उत्तरं प्रत्येक सिस्टिममध्ये वेगळी आहेत, आणि एकाच सिस्टिममधल्या दोन साधनांमध्येसुद्धा वेगळी असू शकतात.

आधी भाजक तपासा

आठ लॉजिकल प्रोसेसर (सिस्टिमला दिसणारे प्रोसेसर) असलेलं मशीन घ्या: चार कोअर, प्रत्येकाचे दोन. त्यावर एकच थ्रेड, म्हणजे कामाचा एकच धागा, वापरणारा प्रोग्राम न संपणाऱ्या लूपमध्ये सापडला. तो एक लॉजिकल प्रोसेसर पूर्ण व्यापतो, उरलेले सात रिकामे असतात. विंडोजचा टास्क मॅनेजर अख्खं मशीन मिळून १०० धरतो, त्यामुळे तिथे १०० भागिले ८, म्हणजे १२.५ दिसतं. लिनक्सचा टॉप आणि मॅकचा ॲक्टिव्हिटी मॉनिटर प्रत्येक लॉजिकल प्रोसेसरला १०० धरतात, म्हणून तिथे तोच प्रोग्राम १०० दाखवतो. आठही लॉजिकल प्रोसेसर वापरणारा व्हिडिओ एन्कोडर विंडोजवर १०० आणि लिनक्सवर ८०० दाखवेल. जावाचे ते ३४० टक्के म्हणजे साधारण साडेतीन कोअरचं काम. १६ कोअरच्या सर्व्हरवर ही अगदी निवांत अवस्था आहे, आणि चार कोअरच्या सर्व्हरवर हाच आकडा दिसला तर लगेच लक्ष घालायला हवं.

खात्री करायची असेल तर स्वतः करून पाहा. लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये 'येस' ही कमांड देऊन तिचं आउटपुट डेव्ह-नल मध्ये (जिथे आलेलं सगळं फेकून दिलं जातं) पाठवा. विंडोजवर पॉवरशेलमध्ये कधीच न संपणारा रिकामा व्हाइल लूप लावा. दुसऱ्या खिडकीत मॉनिटर उघडा, आकडा पाहा आणि कंट्रोल-सी दाबून थांबवा. आपल्या मशीनवर 'एक कोअर पूर्ण भरला' हे कसं दिसतं ते एकदा डोळ्यांनी पाहिलं की पुढचं निदान फार सोपं होतं.

विंडोजवर काम करणाऱ्यांनी आपल्या मशीनचा हा आकडा पाठच करावा. ४ लॉजिकल प्रोसेसर असतील तर २५, ८ असतील तर १२.५, १२ ला सुमारे ८.३, १६ ला ६.२५, २० ला ५. डीटेल्स पानावर एखादी प्रोसेस याच आकड्याला चिकटून बसली आणि मिनिटभर हलली नाही, तर ती एका थ्रेडवर अडकली आहे किंवा तिला एकापेक्षा जास्त थ्रेड वापरताच येत नाहीत असं समजायला हरकत नाही. एक्सेलमधला मोठा व्हीबीए मॅक्रो हे याचं नेहमीचं उदाहरण. व्हीबीए एकाच थ्रेडवर चालतं, त्यामुळे २० लॉजिकल प्रोसेसरच्या नव्या लॅपटॉपवर तो मॅक्रो ५ टक्क्यांवर रखडलेला दिसतो. अशा वेळी जास्त कोअरचं मशीन घेऊन पैसे वाया जातात. एकेका कोअरचा वेग जास्त असलेला प्रोसेसर हवा, नाहीतर मॅक्रो तरी नीट लिहायला हवा.

यावर नेहमी एक शंका येते: "मी टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसरचे वेगळे आलेख पाहिले. एकही कोअर शंभरवर नाही!" बरोबर आहे. शेड्युलर, म्हणजे कोणतं काम कुठे चालवायचं ते ठरवणारा सिस्टिमचा भाग, एकच थ्रेड एका कोअरवरून दुसऱ्यावर हलवत राहतो. एका सेकंदात तो दोन-तीन ठिकाणी फिरून आला की तेवढे आलेख अर्धवट भरलेले दिसतात. बेरीज मात्र एका कोअरएवढीच असते. आलेख मोजत बसण्यापेक्षा प्रोसेसच्या ओळीतला आकडा पाहा.

लिनक्सच्या टॉपमध्ये हा भाजक बदलता येतो. टॉप चालू असताना शिफ्ट धरून आय दाबा, 'आयरिक्स मोड ऑफ' असा संदेश येईल आणि १०० टक्केवाली प्रोसेस १२.५ वर येईल. या दोन पद्धतींना आयरिक्स आणि सोलारिस अशी जुन्या युनिक्सची नावं आहेत. पहिलं सिलिकॉन ग्राफिक्सचं, दुसरं सन मायक्रोसिस्टिम्सचं. १ हा आकडा दाबला की प्रत्येक कोअरची ओळ वेगळी दिसते. ग्नोमच्या सिस्टिम मॉनिटरमध्येही सीपीयू वापराला कोअरच्या संख्येने भागण्याचा पर्याय प्राधान्यांमध्ये आहे. म्हणजे दोघं शेजारी बसून लिनक्सच्या एकाच डिस्ट्रोवर (तयार संचावर) वेगळे आकडे वाचू शकतात.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो एकाच पडद्यावर दोन भाजक असतात म्हणून. टॉपच्या वरच्या भागातली सीपीयूची ओळ सगळ्या मशीनला १०० धरते आणि खालच्या प्रोसेसच्या ओळी एका कोअरला. ॲक्टिव्हिटी मॉनिटरमध्येही तसंच: यादीत ४०० टक्के दिसेल, तर खालच्या पट्टीत सिस्टिम, यूजर आणि आयडल यांची बेरीज १०० च असेल. विंडोजवर हाच फरक साधन बदललं की जाणवतो. परफॉर्मन्स मॉनिटरमधला प्रोसेसचा प्रोसेसर टाइम हा काउंटर कोअरच्या संख्येने भागलेला नसतो, तो शंभराच्या पुढे जातो; टास्क मॅनेजर भागून दाखवतो. पॉवरशेलच्या गेट-प्रोसेस कमांडमधला सीपीयू नावाचा रकाना तर टक्केच नाहीत. प्रोसेस सुरू झाल्यापासून तिने वापरलेले प्रोसेसरचे एकूण सेकंद तिथे असतात. तिथे ३४५ दिसलं म्हणून घाबरून प्रोसेस बंद करणारे लोक भेटतात. ब्राउझर सकाळपासून उघडा असेल तर तेवढे सेकंद होणारच.

टास्क मॅनेजरच्या डीटेल्स पानावर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' ९५ टक्के दाखवते, तो वापर नसून रिकामा वेळ आहे. तिला बंद करण्याचा प्रयत्न करू नका. याउलट 'सिस्टिम इंटरप्ट्स' ही ओळ शून्याजवळच असायला हवी. ती सतत पाच-दहा टक्के घेत असेल तर कुठल्याही ॲपमध्ये दोष शोधू नका. एखादा ड्रायव्हर किंवा यूएसबी, नेटवर्कचं हार्डवेअर तपासा.

मोठ्या सर्व्हरवाल्यांसाठी एक खास प्रकार. विंडोज लॉजिकल प्रोसेसरचे ६४-६४ चे गट पाडतं. विंडोज ११ आणि सर्व्हर २०२२ यांच्या आधीच्या आवृत्त्यांत एखादा प्रोग्राम मुद्दाम तसा लिहिलेला नसेल तर तो एकाच गटात अडकून राहायचा. त्यामुळे १२८ लॉजिकल प्रोसेसरच्या मशीनवर प्रोग्राम जीव तोडून काम करत असतानाही आकडा ५० च्या वर जायचा नाही. असं ठरावीक अर्ध्यावर थांबलेलं मशीन दिसलं तर आधी विंडोजची आवृत्ती पाहा.

पन्नास टक्के म्हणजे निम्मी ताकद शिल्लक नाही

हायपरथ्रेडिंग चालू असेल तर चार कोअर आठ लॉजिकल प्रोसेसर म्हणून मोजले जातात. चार जड थ्रेड चार वेगळ्या कोअरवर बसले की सगळ्या सिस्टिम ५० टक्के वापर दाखवतात. पण पुढचे चार थ्रेड आले तर त्यांना नवे कोअर मिळत नाहीत, आधीच्याच कोअरमधले मोकळे कोपरे वाटून घ्यावे लागतात. त्यामुळे कामात होणारी वाढ दुपटीच्या जवळही जात नाही. किती होईल ते कामाच्या स्वरूपावर ठरतं. क्षमतेचं नियोजन करताना "आता ५० टक्के आहे, म्हणजे ग्राहक दुप्पट झाले तरी चालेल" हे गणित मांडणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. खरी मर्यादा ५० आणि १०० च्या मध्ये कुठेतरी असते आणि ती लोड टेस्ट करूनच कळते.

विंडोज: टास्क मॅनेजर आणि बाकीची साधनं जुळत नाहीत

ही तक्रार मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण इथे फरक फक्त भागाकाराचा नाही. पूर्वी विंडोज 'प्रोसेसर टाइम' मोजायचं: ठरावीक वेळातला किती वेळ प्रोसेसर रिकामा नव्हता. विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरने प्रोसेसेस आणि परफॉर्मन्स या पानांवर 'प्रोसेसर युटिलिटी' नावाचं दुसरं मोजमाप घेतलं. त्यात प्रश्न असा आहे: प्रोसेसर आपल्या छापील मूळ वेगाने अखंड धावला असता तर जेवढं काम झालं असतं, त्याच्या किती टक्के काम झालं?

कोअर आय५-८२५०यू हा लॅपटॉपमधला प्रोसेसर घ्या. त्याचा मूळ वेग १.६ गीगाहर्ट्झ, टर्बोमध्ये, म्हणजे गरजेपुरता वाढवला तर, ३.४ पर्यंत. समजा तो ३ गीगाहर्ट्झवर धावतोय आणि निम्मा वेळ रिकामा आहे. प्रोसेसर टाइम ५० टक्के. युटिलिटी मात्र ५० गुणिले ३ भागिले १.६, म्हणजे जवळपास ९४. टास्क मॅनेजर पाहणारा म्हणतो मशीन भरलं, आणि टाइम मोजणारं दुसरं साधन पाहणारा म्हणतो अर्धं मोकळं आहे. युटिलिटीचा मूळ काउंटर १०० च्या वरही जातो, पण टास्क मॅनेजर त्याला १०० वर कापतो. त्यामुळे अशा लॅपटॉपवर "सीपीयू सतत १०० टक्के" ही तक्रार फार लवकर सुरू होते.

याची उलटी बाजू जास्त घातक आहे. हवा जाण्याची जाळी धुळीने भरलीय, किंवा बॅटरी सेव्हर चालू आहे, किंवा लॅपटॉप गादीवर ठेवलाय. प्रोसेसर तापला आणि ०.८ गीगाहर्ट्झवर उतरला. आता तो एक क्षणही रिकामा नाही, प्रत्येक क्लिकला सेकंद-दोन सेकंद लागताहेत, पण युटिलिटी ५० टक्केच दाखवणार, कारण मूळ वेगाच्या निम्म्याने काम होतंय. "सीपीयू अर्धा मोकळा, रॅम मोकळी, डिस्क मोकळी, तरी मशीन रडतंय" असं कोणी म्हटलं की मी आधी परफॉर्मन्स पानावर टक्क्यांच्या शेजारी असलेला 'स्पीड' आणि त्याजवळचा 'बेस स्पीड' वाचायला सांगतो. जड काम चालू असताना स्पीड हा बेसच्या बराच खाली असेल तर अडचण सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका. पंखा, जाळी, चार्जरचे वॅट आणि पॉवर मोड तपासा. रिसोर्स मॉनिटरच्या सीपीयू आलेखात वेगाची निळी रेघ आणि वापराची हिरवी रेघ शेजारी-शेजारी दिसते, त्यावरूनही हे लगेच कळतं.

२०२५ मध्ये विंडोज ११ च्या अपडेटमधून मायक्रोसॉफ्टने यात बदल केला. आता टास्क मॅनेजरच्या सगळ्या पानांवर सीपीयूचा भार एकाच प्रचलित पद्धतीने मोजला जातो आणि इतर साधनांशी जुळतो. जुना आकडा हवा असेल तर डीटेल्स पानावर 'सीपीयू युटिलिटी' हा रकाना चालू करता येतो, तो मुळात लपवलेला असतो. मला हा बदल योग्य वाटतो. पण त्यामुळे एक नवी अडचण आली आहे: अपडेट झालेला आणि न झालेला असे दोन लॅपटॉप शेजारी ठेवले तर एकाच कामाचे आकडे जुळत नाहीत. "अपडेटनंतर सीपीयू वापर कमी झाला, विंडोज सुधारलं" असा निष्कर्ष काढण्याआधी हे लक्षात घ्या. तुलना करायचीच असेल तर दोन्हींवर परफॉर्मन्स मॉनिटर उघडून प्रोसेसर टाइम आणि प्रोसेसर युटिलिटी हे दोन्ही काउंटर एकत्र लावा.

मॅक: कर्नल टास्क आणि दोन जातींचे कोअर

इंटेलच्या जुन्या मॅकवर 'कर्नल टास्क' अचानक ५००-६०० टक्के दाखवू लागते आणि बाकी सगळं मंदावतं. लोक तिला बंद करायची वाट शोधतात. ॲपलच्या मदत पानावर हे स्पष्ट लिहिलं आहे की कर्नल टास्कच्या कामांपैकी एक म्हणजे प्रोसेसरचं तापमान सांभाळणं: जड प्रोसेसना प्रोसेसर कमी मिळावा म्हणून ती स्वतः जागा अडवते. म्हणजे हा आकडा जास्त दिसतो तेव्हा मशीन तापलेलं असतं आणि तो त्यावरचा इलाज असतो. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी, पंखा नसलेल्या खोलीत, चार्जिंगला लावून व्हिडिओ कॉल चालवला की हे हमखास होतं. मशीन थंड होऊ द्या, हवेशीर जागी ठेवा. आकडा आपोआप उतरतो.

एम मालिकेच्या मॅकवर प्रश्न वेगळा आहे. एम१ मध्ये चार परफॉर्मन्स कोअर आणि चार एफिशियन्सी कोअर आहेत. टाइम मशीनचा बॅकअप, स्पॉटलाइट या शोधसाधनाची अनुक्रमणी अशी पार्श्वभूमीतली कामं मॅकओएस एफिशियन्सी कोअरवरच ठेवतं, आणि तीही कमी वेगाने. पण ॲक्टिव्हिटी मॉनिटर दोन्ही जातींच्या कोअरना सारखेच १०० गुण देतो आणि वेग मोजतच नाही. त्यामुळे स्पॉटलाइटची प्रोसेस मोठा आकडा दाखवते, पण तुमच्या समोरचं ॲप परफॉर्मन्स कोअरवर सुरळीत चालत असतं. यादीतला आकडा पाहून ठरवू नका. विंडो मेनूमधून सीपीयू हिस्ट्री उघडा. फक्त एफिशियन्सी कोअरचे आलेख भरलेले असतील आणि बाकीचे मोकळे असतील तर ते काम तसंच चालू द्या. कोअरचा प्रत्यक्ष वेग पाहायचा असेल तर टर्मिनलमध्ये सुडो लावून पॉवरमेट्रिक्स चालवा.

लिनक्स: पीएस, लोड आणि आयओवेट

"पीएस मध्ये ०.२ टक्के आणि टॉपमध्ये १०० टक्के, खरं कुठलं?" दोन्ही. लिनक्सवरची पीएस कमांड प्रोसेसने वापरलेला एकूण प्रोसेसर वेळ भागिले प्रोसेसचं एकूण आयुष्य असं गणित करते. दहा दिवस शांत असलेली सेवा अर्ध्या तासापासून लूपमध्ये अडकली, तर १४,४०० मिनिटांतली ३० मिनिटं, म्हणजे ०.२ टक्के. म्हणून क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या साधनातून) पीएस चालवून "कोणी ८० च्या वर गेलं तर मेल पाठव" अशी स्क्रिप्ट लिहिली असेल तर ती नेमकी गरजेच्या वेळी गप्प राहते. आणि नुकतंच सुरू झालेलं कंपायलेशन मात्र तिच्या तावडीत सापडतं. त्याऐवजी पिडस्टॅट ही ठरावीक अंतरातला वापर दाखवणारी कमांड पाच सेकंदांचं अंतर देऊन वापरा. मॅक आणि बीएसडीवरच्या पीएसचं गणित आणखी वेगळं आहे: तिथे मागच्या साधारण एका मिनिटाची, जुनं हळूहळू विसरत जाणारी सरासरी असते. लिनक्सवर लिहिलेली देखरेखीची स्क्रिप्ट मॅकवर उचलून नेली की ती चालते, फक्त अर्थ बदललेला असतो.

पहिल्या नोंदीचा सापळाही इथलाच. लिनक्सच्या व्हीएमस्टॅट कमांडची पहिली ओळ मशीन सुरू झाल्यापासूनची सरासरी असते. मॅकच्या टॉपमध्ये पहिल्या नमुन्यातले सीपीयूचे टक्के ग्राह्य नसतात, हे त्याच्या मॅन्युअलमध्येच सांगितलं आहे, कारण टक्के दोन नमुन्यांमधल्या फरकावरून निघतात. स्क्रिप्टमध्ये नेहमी किमान दोन नमुने घ्या आणि पहिला टाकून द्या.

लोड ॲव्हरेजचा, म्हणजे टॉपमध्ये वर दिसणाऱ्या कामांच्या सरासरी संख्येचा, तर सीपीयूच्या टक्क्यांशी थेट संबंधच नाही. लिनक्स त्यात चालू आणि रांगेत असलेल्या कामांबरोबर 'डी' अवस्थेतली, म्हणजे बहुधा डिस्क किंवा नेटवर्क ड्राइव्हची वाट पाहत अडकलेली कामंही धरतं. १९९३ पासून लिनक्समध्ये हे असंच आहे. म्हणून एनएफएस (नेटवर्कवरून फाइली देणारा) सर्व्हर बंद पडला की लोड ४० आणि सीपीयू ९८ टक्के रिकामा असं दृश्य दिसतं. पीएसमध्ये डी अवस्थेतल्या प्रोसेस शोधा, त्या कोणत्या माउंटवर (जोडलेल्या ड्राइव्हवर) थांबल्यात ते पाहा. कोअर वाढवून काहीही फरक पडणार नाही. कर्नल ४.२० पासून प्रॉक-प्रेशर या फोल्डरमध्ये सीपीयू, मेमरी आणि आयओची (डिस्कसारख्या साधनांवरच्या वाचन-लेखनाची) वेगवेगळी टंचाई मोजलेली मिळते. ज्यांच्याकडे ती चालू आहे त्यांनी लोडपेक्षा तिच्यावरच भरवसा ठेवावा.

आयओवेटबद्दल एवढंच: तो रिकाम्या वेळाचाच एक प्रकार आहे. डिस्कची वाट पाहणारं कोणीतरी आहे आणि प्रोसेसरला दुसरं काम नाही, असा त्याचा अर्थ. त्याच मशीनवर एक जड गणिती काम सुरू केलं की आयओवेट ४० वरून ५ वर येतो, डिस्क मात्र तेवढीच मंद असते. आयओवेट कमी आहे म्हणून डिस्क ठीक आहे असं समजू नका.

क्लाउड आणि कंटेनर

व्हर्च्युअल मशीनच्या आतून टॉपमध्ये एसटी, म्हणजे 'स्टील', हा आकडा पाहा. तुमच्या मशीनला काम करायचं होतं पण हायपरव्हायझरने (एका खऱ्या मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) प्रोसेसर दिला नाही, तो हा वेळ. ॲमेझॉनचं टी२ मायक्रो हे छोटं क्लाउड मशीन घ्या: त्याला कायमचा हक्क एका कोअरच्या १० टक्क्यांचा, वरचं सगळं साठवलेल्या क्रेडिटवर. क्रेडिट संपलं की आतून मशीन पूर्ण भरलेलं आणि स्टील खूप जास्त दिसतं, पण बाहेरच्या क्लाउडवॉच या ॲमेझॉनच्या देखरेख सेवेच्या आलेखात वापर १० टक्क्यांच्या आसपास सपाट रेघ. वेबसाइट दुपारपर्यंत ठीक आणि मग रोज मंद, अशी तक्रार आली तर आधी क्रेडिटचा आलेख उघडा.

क्लाउडवॉचच्या साध्या देखरेखीत पाच मिनिटांची सरासरी मिळते हेही विसरू नका. दर पाच मिनिटांनी २० सेकंद सगळे कोअर अडवणारं काम तिथे ७ टक्क्यांपेक्षा कमी दिसतं. त्या २० सेकंदांत आलेल्या ग्राहकाला मात्र पान उघडत नाही.

कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रामला दिलेल्या वेगळ्या कप्प्यात, टॉप चालवला तर तो होस्टच्या (ज्यावर कंटेनर चालतो त्या मशीनच्या) सगळ्या कोअरचे आकडे दाखवतो, तुमच्या मर्यादेचे नाहीत. समजा मर्यादा अर्ध्या कोअरची आहे. सीग्रुपचा (लिनक्समधल्या मर्यादा घालणाऱ्या यंत्रणेचा) नेहमीचा हिशोब १०० मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे त्यातले ५० तुमचे. प्रोग्रामने चार थ्रेड एकदम चालवले तर ते ५० मिलिसेकंद साडेबारामध्येच संपतात आणि पुढचे साडेसत्याऐंशी मिलिसेकंद सगळं ठप्प. होस्ट ९० टक्के मोकळा, डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या स्टॅट्समध्ये ५० टक्के, आणि प्रत्येक विनंतीला उशीर. इथे टक्के पाहून उत्तर मिळणारच नाही. सीग्रुपच्या सीपीयू-स्टॅट फाइलमध्ये थ्रॉटल झालेल्या, म्हणजे मर्यादेमुळे रोखलेल्या, कालखंडांची संख्या असते. ती वाढत असेल तर मर्यादा वाढवा किंवा थ्रेड कमी करा. डॉकर स्टॅट्सचा भाजकही एक कोअरच आहे, त्यामुळे तिथे २०० टक्के म्हणजे दोन कोअर.

फोन

अँड्रॉइड ८ पासून ॲपना सिस्टिमची सीपीयू आकडेवारीची फाइल वाचता येत नाही. त्यामुळे प्ले स्टोअरवरच्या एखाद्या ॲपने साध्या, रूट न केलेल्या फोनवर सगळ्या सीपीयूचा वापर टक्क्यांत दाखवला तर तो बहुतेक वेळा कोअरच्या वेगावरून बांधलेला अंदाज असतो. त्यावरून फोनबद्दल काही ठरवू नका. खरा आकडा हवा असेल तर डेव्हलपर पर्याय चालू करा, यूएसबी केबलने संगणकाला जोडा आणि एडीबी शेलमधून (संगणकावरून फोनला कमांड देण्याच्या साधनातून) टॉप चालवा. आठ कोअरच्या फोनवर वरच्या ओळीत पहिलाच आकडा '८०० टक्के सीपीयू' असा येतो आणि त्यापुढे यूजर, सिस्टिम, आयडल यांची विभागणी. एकूण किती पैकी हे आकडे आहेत ते इथे पडद्यावरच छापलेलं असतं.